शाळेने परस्पर सांगू नये, म्हणून सॅक्रॅमेंटोला

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या बहुतेक मराठी कुटुंबांना सॅक्रॅमेंटो म्हणजे लेक टाहोला जाताना वाटेत लागणारं गाव. ती कॅलिफोर्नियाची राजधानी आहे, विधिमंडळ तिथे बसतं, हे ठाऊक असतं. पण आपलं तिथे कधी काम पडेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही. व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळ्या नाड्या वॉशिंग्टनच्या हातात. राज्याशी संबंध येतो तो गाडीच्या लायसन्सपुरता. मीही फ्रीमाँटमध्ये इतकी वर्षं राहून त्यापलीकडे गेले नव्हते. मग २०२४ च्या उन्हाळ्यात एका विधेयकासाठी मी त्या गावी जाऊन माइकसमोर उभी राहिले, आणि माझं म्हणणं ऐकून ओळखीतल्या अर्ध्या आया चक्रावल्या. म्हणणं एवढंच होतं, की माझ्या मुलाबद्दलची एक गोष्ट शाळेने परस्पर मला कळवलीच पाहिजे, अशी सक्ती शिक्षकांवर कुणी करू नये.

हे उलटं वाटतं, म्हणून आधी घरचं सांगते. जेवढं सांगायला मुलाची हरकत नाही तेवढंच.

जन्मदाखल्यावर त्याची नोंद मुलगी अशी आहे. नववीत त्याने शाळेत वेगळं नाव वापरायला सुरुवात केली. मित्रमैत्रिणींना माहीत, इंग्रजीच्या बाईंना माहीत, काउन्सेलरना माहीत. आम्हाला पत्ता नाही. वर्ष संपत आल्यावर एका रविवारी त्याने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. मी रडले, नवरा गप्प बसला, आणि मग दोघांनाही एकच गोष्ट टोचायला लागली: परक्या बाईंना आधी कळलं आणि आईबापांना शेवटी! मी बाईंची वेळ मागून भेटायला गेले. भांडायच्याच तयारीने गेले होते. त्या म्हणाल्या, "मी त्याला अधूनमधून विचारायचे, घरी सांगितलंस का? मी बरोबर बसू का? तो म्हणायचा, अजून नाही. मी त्याच्यावर सोडलं."

घरी येऊन मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्ही मला घराबाहेर काढणार नाही हे माहीत होतं. पण शाळेतून ईमेल आला असता तर तुम्ही आधी एकमेकांशी बोलला असतात, मग मावशीला फोन गेला असता, आणि माझ्याशी सगळ्यात शेवटी. मला तुमच्याकडे बघत सांगायचं होतं."

मावशीला फोन गेला असता हे शंभर टक्के खरं. मला ते पटलं. नवऱ्याला अर्धंच पटलं. त्याचं म्हणणं होतं, मूल चौदा वर्षांचं आहे, आणि त्याच्या आयुष्यात एवढं काही चाललेलं असताना बापाला कळायला हवं. या मुद्द्यावर आमच्या घरात आजही एकमत नाही, आणि ते लपवून मी पुढचं सांगणार नाही.

तेव्हाच राज्यात हा वाद पेटत होता. २०२३ च्या सुरुवातीला असेंब्लीत, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, एबी १३१४ नावाचं विधेयक आलं होतं. विद्यार्थी शाळेत वेगळं नाव वा वेगळी लिंगओळख वापरू लागला की शाळेने तीन दिवसांच्या आत पालकांना कळवावं, असं त्यात होतं. शिक्षण समितीने त्यावर सुनावणीच घेतली नाही आणि ते तिथेच मेलं. पण मरताना त्याने पिल्लं सोडली. सॅक्रॅमेंटोत जमलं नाही म्हणून तेच कलम उचलून गावोगावच्या स्कूल बोर्डांपुढे, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळांपुढे, नेण्यात आलं. जुलै २०२३ मध्ये दक्षिणेतल्या चिनो व्हॅलीच्या बोर्डाने ते मंजूर केलं. त्या सभेत राज्याचे शिक्षणप्रमुख टोनी थर्मंड विरोधात बोलायला गेले होते, त्यांना बाहेर काढण्यात आलं. पाठोपाठ मरिएटा, टेमेक्युला. ऑगस्टच्या अखेरीस राज्याचे अॅटर्नी जनरल रॉब बोंटा यांनी चिनोवर खटला भरला आणि सप्टेंबरमध्ये कोर्टाने त्या नियमाला तात्पुरती स्थगिती दिली.

आमच्या भागात असं काही नव्हतं. पण २०२४ च्या वसंतात किराणा आणायला गेलं की दुकानाच्या दारात टेबल मांडून सह्या गोळा करणारे भेटायला लागले. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर हाच प्रश्न राज्यभरासाठी टाकायचा, सोबत ट्रान्स मुलींना मुलींच्या खेळांतून वगळायचं आणि अल्पवयीन मुलांच्या लिंगबदलाशी संबंधित उपचारांवर बंदी घालायची, असा तो प्रस्ताव. ५ लाख ४६ हजार ६५१ सह्या लागत होत्या, चार लाखांच्या आसपास जमल्या. प्रस्ताव पडला. पण चार लाख हा आकडा काही लहान नव्हे, आणि माझ्यासमोर सही करणाऱ्यांत आपली माणसंही होती. एका ओळखीच्या काकांनी मलाच पेन पुढे केलं. "पालकांच्या हक्काचं आहे, सही कर गं." मी गाडीत दूध ठेवायचं निमित्त करून सटकले. तेव्हा त्यांना काही सांगण्याइतकी माझी तयारी नव्हती.

तयारी झाली ती पीएफलॅगच्या बैठकांत. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये समलिंगी मुलांच्या काही पालकांनी सुरू केलेली ही संघटना. हिच्या शाखा गावोगाव आहेत. चर्चच्या मागच्या खोलीत लोखंडी खुर्च्यांवर बसून लोक आपापलं बोलतात. दक्षिण आशियाई समलिंगी आणि ट्रान्स लोकांची त्रिकोण ही संस्था तर १९८६ पासून याच बे एरियात आहे, हे मला तिथे कळलं. म्हणजे मी इंजिनिअरिंगलाही नव्हते तेव्हापासून! तिथेच कुणीतरी सांगितलं, की सॅन डिएगोचे आमदार ख्रिस वॉर्ड अशी सक्ती रोखणारं नवं विधेयक आणतायत, एबी १९५५, पाठीशी विधिमंडळातला एलजीबीटीक्यू कॉकस, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे आमदारांचा गट आहे, इक्वॅलिटी कॅलिफोर्निया ही राज्यव्यापी संघटना जोर लावतेय, आणि बोलायला पालक हवे आहेत. हक्काच्या संघटनांचे लोक नेहमीचेच असतात. आमदारांचे कान टवकारतात ते एखादी सामान्य आई आली की. मी तर त्यांच्या लेखी दुप्पट सोयीची होते, कारण विरोधकांचा दावा होता की परदेशातून आलेली, परंपरा मानणारी कुटुंबं सगळी त्यांच्या बाजूची आहेत.

प्रशिक्षण ऑनलाइन होतं. पहिला नियम, स्वतःचं सांगा, आकडेवारी आमच्यावर सोडा. दुसरा, दीड मिनिटात संपवा. तिसरा, विरोधकांशी हुज्जत घालू नका. आणि मग शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "ज्या मुलाबद्दल तुम्ही बोलणार आहात, त्याला विचारलंय का?"

मी पत्र लिहूनच बसले होते. विधेयकाला पाठिंबा किंवा विरोध कळवायची पत्रं विधिमंडळाच्या एका पोर्टलवर चढवावी लागतात. समितीच्या सुनावणीआधी ठरावीक मुदतीत पत्र पोचलं तरच ते समितीच्या टिपणात धरलं जातं, आणि एकदा चढलं की ते सार्वजनिक कागद होतं. मी प्रिंट काढून मुलाच्या खोलीत नेली. त्याने पेन्सिल घेतली. नाव नव्हतंच, पण शाळेचं नाव होतं, ते खोडलं. त्याला रात्री झोप लागत नसे हे वाक्य खोडलं. 'माझं मूल किती धाडसी आहे' याच्यावर तर इतक्या जोरात रेघ मारली की कागद फाटला. "हे माझ्याबद्दल नाहीये आई, तुझ्याबद्दल लिही. तुला कसं कळलं आणि तुला काय वाटलं." समासात बारीक अक्षरात लिहून दिलं, 'इंग्रजीच्या मिसचं राहू दे, पण नाव नको.' उरलेलं पत्र अर्ध्या पानाचं झालं, आणि माझ्या मसुद्यापेक्षा कितीतरी चांगलं. राज्यातल्या साऱ्या शाळांनी मुलाला विचारल्याशिवाय बोलू नये असं मागायचं आणि आईने मात्र विचारायचं नाही, हे बरं दिसलं नसतं.

विधेयकात नेमकं काय होतं ते सांगायलाच हवं, कारण व्हॉट्सअॅपवर ते भलतंच झालं होतं. शिक्षकाने पालकांशी बोलायचं नाही, असं त्यात कुठेही नव्हतं. विद्यार्थ्याची लैंगिकता किंवा लिंगओळख त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला कळवण्याची सक्ती कोणत्याही शाळा कर्मचाऱ्यावर करता येणार नाही, राज्याच्या वा केंद्राच्या कायद्याने तसं बंधन असेल तर गोष्ट वेगळी, हे मुख्य कलम. अशी सक्ती करणारे नियम स्कूल बोर्डांनी करायचे नाहीत. मुलाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या शिक्षकावर त्यावरून कारवाई करायची नाही. आणि एक कलम कुणाच्याच घोषणेत नव्हतं: राज्याच्या शिक्षण खात्याने सातवी ते बारावीच्या अशा विद्यार्थ्यांच्या कुटुंबांसाठीही मदतीचं साहित्य तयार करावं. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "हां, याला काही अर्थ आहे."

आधी आमच्या लोकप्रतिनिधीच्या स्थानिक कार्यालयात गेलो. प्रतिनिधी भेटत नाहीत, भेटतो तो स्टाफर. आमच्या वाट्याला पंचविशीतला मुलगा आला. त्याने वहीत तीन गोष्टी लिहिल्या: आम्ही मतदारसंघात राहतो का, विधेयकाचा क्रमांक, आणि काय हवंय. नवऱ्याने त्याला सरळ सांगितलं, "मी पूर्ण पाठिंब्याचा नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल तर घरी कळलंच पाहिजे." पोराने मान वर करून विचारलं, "म्हणजे सपोर्ट इफ अमेंडेड?" तिथे ही एक अधिकृत भूमिका असते, दुरुस्ती केलीत तर पाठिंबा. नवरा खूश. तेव्हापासून घरात त्याची तीच पदवी झाली. भाजीत मीठ कमी असलं तरी सपोर्ट इफ अमेंडेड.

सिनेटच्या शिक्षण समितीची सुनावणी मेच्या अखेरीस होती. आम्ही चौघी पहाटे गाडी काढून निघालो. मार्टिनेझचा पूल, मग डेव्हिसची सपाट शेतं. सॅक्रॅमेंटोच्या घुमटाच्या इमारतीचा मागचा भाग पाडून नवा बांधायचं काम चाललंय, त्यामुळे आमदारांची कार्यालयं ओ स्ट्रीटवरच्या नव्या कोऱ्या इमारतीत हलवलीत. दारात विमानतळासारखी तपासणी. माझा पोह्यांचा डबा स्कॅनरमधून दोनदा गेला.

समितीपुढे सविस्तर साक्ष प्रत्येक बाजूच्या दोनच माणसांना देता येते, तीही दोन मिनिटांची. बाकीच्यांनी रांगेत उभं राहून माइकवर येऊन फक्त नाव, गाव, संस्था असेल तर संस्था, आणि पाठिंबा की विरोध, एवढंच बोलायचं. कारण सांगायला लागलात की अध्यक्ष थांबवतात. म्हणजे दीड मिनिटाचं भाषण पाठ केलेल्या माझ्यासारखीला पाच सेकंद! पत्र वाचलं जातं का, कुणास ठाऊक. रांग मात्र दिसते. रांग किती लांब आहे आणि तिच्यात कोण आहे, हे वर बसलेले सदस्य बघत असतात. शिक्षक होते, धर्मगुरू होते, विद्यार्थी होते. एक सत्तरीच्या पुढची बाई माझ्यापुढे होती. ती म्हणाली, १९७८ मध्ये समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढायचा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा ती नोकरीला लागलेली होती आणि घाबरून कुणाशी बोलत नव्हती. तो राज्याचे सिनेटर जॉन ब्रिग्ज यांचा प्रस्ताव. उघडपणे समलिंगी असलेले सॅन फ्रान्सिस्कोचे नगरसेवक हार्वे मिल्क त्याच्याविरुद्ध राज्यभर फिरले होते. नोव्हेंबरमध्ये तो पडला आणि त्याच महिन्यात मिल्क यांचा खून झाला. पुस्तकात वाचण्याची गोष्ट, ती बाई पाण्याची बाटली हातात घेऊन माझ्याशी बोलत होती.

विरोधकांची रांग त्याच कॉरिडॉरमध्ये. ताटकळत उभं राहायचं असल्याने बोलणं होतंच. माझ्या शेजारी एक चिनी आई होती, माझ्याच वयाची, पलीकडच्या रांगेतली. तिने विचारलं, "तुमच्या मुलाने जिवाचं काही बरंवाईट केलं असतं आणि मग कळलं असतं की शाळेला सगळं माहीत होतं, तर?" प्रशिक्षणातला तिसरा नियम आठवला, पण तिने हुज्जत घालायला विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, जिवाला धोका असेल तर शाळेने कळवायचंच, ते हे विधेयक अडवत नाही. पण वेगळं नाव वापरणं म्हणजे धोका नव्हे, आणि ज्या घरात हे कळलं की मुलाला मार बसतो त्या घरालाही तोच ईमेल जातो. ती म्हणाली, "माझं घर तसं नाही." मी म्हटलं, "माझंही नाही." पुढे दोघींकडे काही नव्हतं. तिने विरोध नोंदवला, मी पाठिंबा. माइकवर माझं नाव, फ्रीमाँट, आई, सपोर्ट. एवढंच.

समितीने विधेयक पुढे पाठवलं. पुढचं सगळं मी ऑफिसात बसून फोनवर बघितलं. जूनमध्ये सिनेटने मंजूर केलं. २७ जूनला असेंब्लीत चर्चा झाली तेव्हा एका सदस्याचा माइक बंद केला गेला आणि प्रकरण हातघाईवर येता येता राहिलं. आपल्याकडच्या विधानसभेची आठवण येऊन मला जरा घरच्यासारखं वाटलं. १५ जुलैला गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली. अशी सक्ती कायद्याने रोखणारं देशातलं पहिलं राज्य कॅलिफोर्निया. दुसऱ्याच दिवशी चिनो व्हॅलीने कोर्टात धाव घेतली, आणि त्याच दिवशी इलॉन मस्क यांनी याच कायद्याला शेवटची काडी म्हणत स्पेसएक्सचं मुख्यालय टेक्सासला हलवणार असं जाहीर केलं. आमच्या ऑफिसात दिवसभर विषय मस्कचाच. माझा त्या कायद्याशी काही संबंध असेल अशी कुणाला शंकाही नाही.

साताऱ्याकडे शिक्षिका असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला (हीच ती मावशी) मी हे सगळं फोनवर सांगत असे. ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडे निदान कायद्यावर भांडण होतं. आमच्याकडे २०२१ मध्ये एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, ती बाल हक्क आयोगाच्या आक्षेपानंतर काही दिवसांत साइटवरून गायब. मी उतरवून घेईपर्यंत गेलीसुद्धा." तिच्या वर्गात असं मूल आलं तर ती काय करेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, आधी त्याला डबा खायला माझ्याजवळ बसवीन, मग बघू.

कायदा झाला म्हणजे शाळा सुरक्षित झाली असं नाही, हे इथल्या जुन्या लोकांकडून ऐकलंच होतं. विद्यार्थ्यांना लैंगिकता आणि लिंगओळखीवरून होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण देणारा एबी ५३७ हा कायदा शीला क्यूल यांनी १९९९ मध्ये मंजूर करून घेतला, तोही आधीचे प्रयत्न पडल्यावर. तरी २०१० मध्ये टेहाचापीत सेथ वॉल्श या तेरा वर्षांच्या समलिंगी मुलाने छळाला कंटाळून जीव दिला. त्याच्या नावाचा कायदा आला तेव्हा कुठे असं ठरलं, की छळ होताना दिसला तर शाळेच्या माणसाने, सुरक्षित असेल तर, मध्ये पडलंच पाहिजे, आणि तक्रारीचा निकाल ठरावीक मुदतीत लागला पाहिजे. मी आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या साइटवर तक्रारीचा अर्ज शोधला. मिळाला, पण पाच क्लिकनंतर, आणि तोवर ज्याचा छळ होतोय त्या मुलाची मधली सुट्टी संपली असती. मग मी स्कूल बोर्डाच्या सभेला जाऊन तेवढंच सांगितलं. दोन महिन्यांत तो अर्ज पहिल्या पानावर आला. सॅक्रॅमेंटोच्या पाच सेकंदांपेक्षा मला याचा जास्त अभिमान आहे, खरं सांगायचं तर.

एबी १९५५ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि स्कूल डिस्ट्रिक्टला आपले नियम त्याप्रमाणे तपासावे लागले. त्या सभेला नवरा स्वतःहून आला. बोलण्यासाठी भरायच्या चिठ्ठीवर 'बाजूने', 'विरोधात' आणि 'इतर' असे चौकोन होते. त्याने 'इतर'वर खूण केली. माइकवर म्हणाला, कायद्यात कुटुंबांसाठी साहित्य द्यायचं म्हटलंय. तुमच्या साइटवर इंग्रजी लिंकांची यादी आहे. या गावात मँडरिन, पंजाबी, तेलुगू, हिंदी, मराठी बोलणारे आईबाप आहेत. मूल आम्हाला सांगेल तेव्हा सांगेल, पण सांगितल्यावर पहिल्या रात्री आम्ही काय वाचायचं, हे तुम्ही कधी देणार? अध्यक्षांनी आभार मानले, कर्मचारी माहिती घेऊन कळवतील म्हणाले. तेव्हापासून तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांना ईमेल टाकतो. सीसीमध्ये मला ठेवतो. मुलाने सांगितलंय, मला नको ठेवू.